लंडनचा ‘ओव्हर-सीज’ क्लब: सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी सातारा, वाई, कऱ्हाड इथल्या वाचनालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत ‘रॉयल ओव्हर-सीज लीग’ या लंडनच्या क्लबाच्या इतिहासावर बोलते. व्याख्यानाला पंचवीस डोकी असतात, पण नंतर फोन येत राहतात महिनाभर. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच. शेवटी एका वहीत टिपून ठेवले आणि आता उत्तरांसकट एकत्र करते आहे. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. बाई, क्लब म्हणजे पत्ते कुटायची जागाच ना? त्याचा कसला इतिहास?

आपल्याकडे क्लब म्हटलं की पत्ते, बिलियर्ड्स आणि महाबळेश्वरच्या क्लबासारखं उतरत्या कौलांचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. रॉयल ओव्हर-सीज लीग त्याच जातीचा आहे, पण धर्म वेगळा. सभासद वर्गणी भरतात, त्याबदल्यात लंडनमध्ये मध्यवस्तीत उतरायला खोली, जेवणघर, बसायला दिवाणखाने आणि बाग मिळते. नफा वाटून घ्यायचा नसतो. १९१० साली सुरू झालेला हा क्लब आज आपलं काम दोनच शब्दांत सांगतो: आंतरराष्ट्रीय मैत्री आणि कला. सुरुवातीला मात्र यातला ‘कला’ हा शब्द नव्हता, आणि ‘मैत्री’चा अर्थही आजचा नव्हता. इतिहास आहे तो त्यातच (प्रश्न ६ आणि ११ पाहा).

२. साताऱ्यात बसून तुम्हाला हा क्लब सापडला कुठे?

राजवाड्याजवळ रद्दीच्या ढिगात. मला जुनी पोस्टकार्डं जमवायचा नाद आहे. एकदा एका फुटक्या बरणीखालून एक तपकिरी छायाचित्राचं विलायती कार्ड निघालं. एका बाजूला फक्त पत्ता. दुसऱ्या बाजूला कुठल्याशा इंग्लिश गावातला रस्ता आणि चित्राच्या कडेला सोडलेल्या पांढऱ्या पट्टीत मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर. जागा संपली तशी ओळ वळून चित्राच्या डोक्यावरून गेलेली. खाली कोपऱ्यात छापलं होतं ‘द रेंच सिरीज’. मला वाटलं, पान्यांच्या कंपनीची जाहिरात असेल. आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्यालाही तसंच वाटलं.

मजकूर चित्रावर का, तर तेव्हाचा टपालाचा नियमच तसा होता. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला दुसरं काही लिहायची मुभा नव्हती. त्या साली मागची बाजू दुभागली गेली, अर्ध्यात पत्ता आणि अर्ध्यात ख्यालीखुशाली, आणि चित्राला पूर्ण कार्ड मोकळं झालं. म्हणजे माझं कार्ड जुन्या धाटणीचं. रेंच हे माणसाचं आडनाव आहे हे कळल्यावर त्याचा माग काढत गेले आणि क्लबापाशी पोचले.

३. मग हा रेंच कोण? आणि एव्हलिन हे बाईचं नाव नाही का?

पुरुषच. त्या काळात इंग्लंडमध्ये एव्हलिन हे नाव दोघांचंही असे.

जन्म १८८२, आयर्लंडमधल्या फर्माना परगण्यातला. शिक्षण ईटनला. परराष्ट्र खात्यात जायच्या तयारीसाठी जर्मनीत गेला आणि तिथली सुबक चित्र-पोस्टकार्डं पाहून परराष्ट्र खातं विसरला. अठराव्या वर्षी इंग्लंडमध्ये पोस्टकार्डांचा धंदा काढला. गावागावांची, पुलांची, चर्चची छायाचित्रं, छपाई जर्मनीत. धंदा इतका वाढला की पैसा पुरेना, आणि चारेक वर्षांत बसला. आपल्याकडे दुकान चाललं की लगेच तीन शाखा काढून तिन्ही बुडवणारे भेटतात, त्यातलाच प्रकार.

मग त्याला उचललं ‘डेली मेल’च्या मालकाने, म्हणजे पुढच्या लॉर्ड नॉर्थक्लिफने. परदेशी राहणाऱ्या ब्रिटिशांसाठी निघणाऱ्या साप्ताहिक आवृत्तीचं काम त्याच्याकडे आलं. जगभरच्या वाचकांची पत्रं रोज टेबलावर. पोस्टकार्डांनी त्याला एवढं शिकवलंच होतं की लांब गेलेल्या माणसाला घरचा कागद फार लागतो.

४. क्लबाची स्थापना नक्की केव्हाची? वेगवेगळी सालं वाचायला मिळतात.

ऑगस्ट १९१०. त्याच वर्षी मे महिन्यात राजा सातवा एडवर्ड वारला. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याच्यासाठी झालेल्या प्रार्थनेच्या वेळी आपल्याला आयुष्याचं काम सापडलं, असं रेंच पुढे सांगत असे. तीन महिन्यांत त्याने वर सांगितलेल्या साप्ताहिकाच्या पानांतूनच ‘ओव्हर-सीज क्लब’ जाहीर केला.

सालांचा घोळ होतो तो नावामुळे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी दुसरी एक संस्था त्यात मिळाली आणि ‘क्लब’ची ‘लीग’ झाली. १९२२ ला रॉयल चार्टर मिळाला. ‘रॉयल’ हा शब्द नावाला लागला तो थेट १९६० मध्ये. घर मात्र एकच, बारशी अनेक.

५. रॉयल चार्टर म्हणजे काय? आपल्या धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी तीच का?

हेतू जवळचा, वाट वेगळी. आपल्याकडे मंडळ काढायचं तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली कागद रंगवायचे. ठरलेली कलमं पुरी केली की कोणालाही नोंदणी मिळते. रॉयल चार्टर म्हणजे राजाची सनद. साताऱ्याच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली निघाली तीही अशाच सनदेवर आणि बीबीसीही सनदेवरच चालते. सनद मिळाली की संस्था कायद्याच्या नजरेत स्वतंत्र ‘व्यक्ती’ होते: मिळकत घेऊ शकते, दावा लावू शकते. पण नावात ‘रॉयल’ लावायची परवानगी ही वेगळी गोष्ट. म्हणून या क्लबाच्या बाबतीत दोन्हींमध्ये अडतीस वर्षांचं अंतर पडलं.

६. स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ही साम्राज्याची संस्था होती ना? मग आपण तिचं कौतुक का करायचं?

राग कशाचा, मी हाच प्रश्न स्वतःला पहिल्यांदा विचारला.

हो, होती. १९१० सालची ‘मैत्री’ म्हणजे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे पांगलेल्या ब्रिटिशांची एकमेकांशी आणि लंडनशी बांधलेली गाठ. राजाशी निष्ठा हे त्या गाठीचं सूत. क्लब निघाल्यावर दोन वर्षांनी रेंच बहिणीला, विनिफ्रीडला, बरोबर घेऊन या देशांच्या लांबलचक दौऱ्यावर निघाला. गावोगाव सभा, शाखा, पत्रव्यवहार. सगळ्या जगाची मैत्री असा आव त्यात नव्हता. साम्राज्य टिकावं म्हणून आपली माणसं एकमेकांना धरून राहावीत, एवढं सरळ गणित होतं.

ज्या गावाचं राज्य डलहौसीने १८४८ मध्ये ‘वारस नाही’ म्हणून खालसा केलं, त्या गावाने या गणिताला टाळ्या वाजवायच्या नसतात. मी वाजवत नाही. मला कुतूहल आहे ते पुढच्या भागाचं. साम्राज्य गेलं. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला जाहीरनामा झाला: भारत प्रजासत्ताक होणार, ब्रिटनच्या राजाला आपला राजा मानणार नाही आणि तरीही राष्ट्रकुलात राहणार. निष्ठेचं सूत त्या दिवशी तुटलं. ज्या कामासाठी क्लब निघाला ते कामच उरलं नाही.

अशा वेळी संस्था सहसा दोनपैकी एक करतात. कुलूप लावतात, नाहीतर जुन्या फोटोंना हार घालत बसतात. या क्लबाने तिसरं केलं: पाहुण्याची व्याख्या मोठी केली आणि दिवाणखान्यात पियानोपुढे तरुण पोरांना बसवलं. ते मनातून किती बदलले आणि नाइलाजाने किती, हे मी मोजत नाही. बदलले, एवढं दिसतं.

७. पहिल्या महायुद्धात क्लबाने विमानं विकत घेतली म्हणतात. क्लब आणि विमानं?

घेतली, आणि सरकारला भेट दिली. १९१५ पासून वर्गणी गोळा करायला सुरुवात झाली. एखाद्या वसाहतीने किंवा शहराने साधारण दीड हजार पौंड जमवले की एक विमान, आणि त्याच्या अंगावर त्या ठिकाणाचं नाव रंगवलेलं. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, त्यातली गत. त्याशिवाय सैनिकांना तंबाखू, सिगारेटी, बारीकसारीक भेटी. क्लबाचं मासिकही याच काळात सुरू झालं.

युद्धात मेलेल्या सभासदांचं स्मारक म्हणून लंडनची वास्तू घेतली गेली (प्रश्न ९). त्याच युद्धावर आपल्या अपशिंग्याची माणसं गेली. त्यांच्यासाठी ब्रिटिशांनी गावात एक शिला लावली. तिकडे घर, इकडे शिला. गावाने मात्र आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावून घेतलं आणि अजून घरटी फौजेत माणूस धाडतं.

८. बायकांना प्रवेश होता का?

पहिल्यापासून होता. आज यात काय विशेष असं वाटेल, पण ज्या सेंट जेम्स भागात हा क्लब आहे तिथल्या कितीतरी नामांकित क्लबांत बाईला सभासद करून घेणं विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मंजूर नव्हतं, आणि काहींत अजूनही नाही.

९. लंडनची वास्तू कशी आहे? मुलगा तिकडे आहे, बघून येईल म्हणतो.

पत्ता सोपा आहे. सेंट जेम्स स्ट्रीटवरून पार्क प्लेस नावाची छोटी गल्ली आत जाते, तिच्या टोकाला ‘ओव्हर-सीज हाउस’. पुढून पाहिलं तर गल्लीतली घरं, मागे बाग, आणि बागेपलीकडे थेट ग्रीन पार्क. मूळची ही दोन घरं: व्हर्नन हाउस आणि रटलंड हाउस. रटलंड हाउस अठराव्या शतकातलं, जेम्स गिब्जने बांधलेलं. ट्रॅफल्गर चौकातलं सेंट मार्टिनचं चर्च ज्याचं, तोच हा गिब्ज. मुलाने ते पाहिलं असेल तर हात ओळखू येईल.

माझं स्वतःचं मत सांगू? हा क्लब टिकला त्याचं मोठं कारण ही जागा. रेंचने आयुष्यात काढलेल्या सगळ्या संस्था टिकल्या नाहीत. जिथे लोकांना पावसात छत्री मिटून बसायला आपली म्हणावी अशी जागा होती, तिथे लोक येत राहिले.

मुलाला सांगा, हा खासगी क्लब आहे. संग्रहालयासारखं तिकीट काढून आत जाता येत नाही. सभासदाबरोबर पाहुणा म्हणून, किंवा बाहेरच्यांसाठी खुली मैफल असेल तेव्हा.

१०. एडिंबरालाही यांचा क्लब होता ना?

होता. प्रिन्सेस स्ट्रीटवर, किल्ल्यासमोर, बरीच दशकं. तो काही वर्षांपूर्वी बंद झाला. जुन्या प्रवासवर्णनात वाचून तिथे खोली मागायला जाऊ नका.

११. मैत्रीच्या क्लबात कला शिरली कुठून?

१९५२ साली तरुण संगीतकारांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली तिथून. युद्धानंतरचं लंडन. राष्ट्रकुलातल्या देशांतून पोरं-पोरी संगीत शिकायला येत होती. शिक्षण मिळायचं, पण वाजवायला मंच नाही, ओळख नाही, परवडणारी खोली नाही. क्लबाकडे तिन्ही होतं: दिवाणखाना, ओळखीपाळखी आणि वरच्या मजल्यावर खोल्या. मला या गोष्टीतला व्यवहार आवडतो. उदात्त वगैरे हेतू नंतर लिहिले गेले असतील. आधी घरात पियानो होता आणि वाजवणारं पोर दाराशी होतं.

स्पर्धा अजून चालू आहे. गायन, तंतुवाद्यं, पियानो, सुषिर आणि आघात वाद्यं असे एकल विभाग, शिवाय तीन-चार जणांनी मिळून वाजवण्याचे गट. पुढे चित्रकारांसाठी प्रदर्शनं आणि प्रवास-शिष्यवृत्त्याही आल्या.

सांगली याला ‘नाट्यपंढरी’ म्हणवून घेण्याच्या जोरावर नाक मुरडेल, कारण विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ १८४३ ला सांगली संस्थानात केलं, तेव्हा रेंचचा जन्मही व्हायचा होता. मुरडू दे. पण तिथेही पटवर्धन राजांच्या आश्रयावर जे उभं राहिलं ते आज लोकांच्या वर्गणीवर आणि एका पदकाच्या परंपरेवर चालतं. आश्रयदाता गेल्यावर कलेचं घर कोणी चालवायचं हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

१२. माझा भाचा मिरजेत सतार शिकतो. त्याला या स्पर्धेत पाठवता येईल का?

नाही. भारतीय म्हणून अडचण नाही, राष्ट्रकुलातल्या देशांचे तरुण कलाकार भाग घेतात. अडचण वाद्याची. ही स्पर्धा पाश्चात्त्य अभिजात संगीताची आहे. व्हायोलिन, चेलो, पियानो वाजवणारा असेल, वय साधारण तिशीच्या आत असेल, तर त्या वर्षीची नियमावली आधी नीट वाचावी.

भाच्याला सांगा, वाईट वाटून घेऊ नकोस. ज्या गावात भोपळा निवडण्यापासून तारा जुळवण्यापर्यंत सतार-तंबोरा घडतो, ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जिथल्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी रात्र-रात्र गाणं होतं, तिथे हजेरी लावणं ही लहान गोष्ट नाही.

१३. मुलीच्या शाळेत राष्ट्रकुलाची निबंध स्पर्धा असते. ती यांचीच ना?

नाही, आणि हा सगळ्यात जास्त होणारा गोंधळ आहे. चार संस्था एकमेकींत मिसळल्या जातात, म्हणून सावकाश सांगते.

निबंध स्पर्धा आहे ती रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीची. ही संस्था १८६८ ची, म्हणजे आपल्या क्लबापेक्षा बेचाळीस वर्षांनी थोरली, आणि निबंध स्पर्धा १८८३ पासूनची. वक्तृत्व स्पर्धांमुळे माहीत असते ती इंग्लिश-स्पीकिंग युनियन. ती १९१८ मध्ये काढली याच रेंचने, त्यामुळे ती आणि आपला क्लब सावत्र भावंडं समजा. राष्ट्रकुल या नावाचं जे सरकारी कार्यालय लंडनमध्ये आहे ते देशादेशांचं सचिवालय, तिथे सभासद देश असतात, माणसं नव्हे. आणि चौथा आपला ओव्हर-सीज, ज्याचा निबंधाशी नव्हे तर संगीताशी संबंध. मुलीच्या प्रमाणपत्रावर कोणाचं नाव आहे ते बघा, म्हणजे उलगडेल.

१४. मी कवी आहे. माझ्यासाठी यात काय?

तुमची संस्था दुसरी: पेन. लेखकांचा हा क्लब १९२१ मध्ये लंडनलाच, एका जेवणाच्या टेबलावर सुरू झाला. त्याचं भारतीय केंद्र १९३३ मध्ये मुंबईत सोफिया वाडियांनी काढलं, अध्यक्ष रवींद्रनाथ. तिचा इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. कोणी बोलावलं तर येईन.

१५. आमच्या रोटरीपेक्षा हे वेगळं काय?

रोटरी १९०५ ला शिकागोत निघाली, वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांनी भेटावं म्हणून. ती गावोगाव पसरते, दर आठवड्याला सभा घेते, रक्तदान-पोलिओसारखी कामं करते. ओव्हर-सीज एका घराभोवती आहे. रोटरी म्हणजे वारी म्हणा, माणसं फिरतात. ओव्हर-सीज म्हणजे धर्मशाळा. चांगली, महागडी, टाय लावून बसायची धर्मशाळा, पण धर्मशाळाच.

१६. मग पाचगणीच्या एशिया प्लॅटोसारखं म्हणायचं का?

जिल्ह्यातलं आंतरराष्ट्रीय मैत्रीचं सगळ्यात ठळक उदाहरण तेच, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. एशिया प्लॅटो राजमोहन गांधींच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. ते ज्या चळवळीचं केंद्र, तिचं तेव्हाचं नाव मॉरल री-आर्मामेंट. तिथे देशोदेशींचे लोक येतात ते स्वतःत डोकावायला, पहाटे शांत बसायला, भांडणं मिटवायला. ओव्हर-सीजमध्ये कोणी तुमच्या अंतःकरणाची चौकशी करत नाही. चहा, वर्तमानपत्र, संध्याकाळी मैफल. दोन्हींची गरज वेगवेगळ्या माणसांना असते. कधी एकाच माणसाला वेगवेगळ्या वेळी.

१७. रंगो बापूजी लंडनला याच क्लबात उतरले होते, असं एका भाषणात ऐकलं. खरं का?

अजिबात नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. क्लब निघाला १९१० मध्ये. अधलीमधली छप्पन्न-सत्तावन्न वर्षं भाषणवाल्यांनी गिळली.

पण गंमत बघा. त्या चौदा वर्षांत रंगो बापूजींना साथ देणारे इंग्रजही होते. गुलामगिरीविरुद्ध लढणारा जॉर्ज थॉम्पसन साताऱ्याच्या राजाची बाजू कंपनीच्या भागधारकांपुढे मांडत होता. क्लब नाही, सनद नाही, वर्गणी नाही. तिला आंतरराष्ट्रीय मैत्री म्हणायला माझी हरकत नाही. यश आलं नाही. परतल्यावर १८५७ मध्ये रंगो बापूजी नाहीसे झाले ते कायमचे आणि त्यांच्या मुलाला, सीतारामला, साताऱ्यात फाशी झाली. गेंडामाळावर गेलात तर स्मारकापाशी थांबा.

१८. औंधचे आप्पासाहेब पंत यात होते का?

आप्पासाहेबांचं नाव या प्रश्नात यावं हे साहजिक आहे. औंधचे राजपुत्र, ऑक्सफर्डला शिकलेले, १९४८ पासून पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त, पुढे अनेक देशांत राजदूत आणि १९६९ ते १९७२ लंडनमध्ये उच्चायुक्त. त्यांना या क्लबाशी जोडणारा एकही कागद मी पाहिलेला नाही, तेव्हा जोडत नाही.

त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी मात्र या विषयात येतात, आणि उलट दिशेने. लंडनच्या क्लबाने जग आपल्या घरी बोलावलं. भवानरावांनी ते औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावर आणून ठेवलं. भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरने घडवलेलं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा सातवीतली एक मुलगी त्या शिल्पापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, हिला नाक-डोळे नीट नाहीत, तरी ती आईच वाटते.” एस. टी. चा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

१९. रेंच कधी भारतात आला होता?

आला होता. १९४२ ते १९४४ या काळात तो भारत सरकारकडे अमेरिकी संबंधांचा अधिकारी होता. युद्धामुळे अमेरिकी सैनिक इथे उतरत होते, त्यांचं आणि सरकारचं जुळवून देणं हे काम. तारखांकडे लक्ष द्या: तो दिल्लीत दोन इंग्रजी बोलणाऱ्या राष्ट्रांची मैत्री सांभाळत होता, तेव्हा सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करत होतं. सभासदत्वाचे अर्ज तिथे कोणी भरले नसते. रेंच १९६६ मध्ये वारला.

२०. साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली ती या क्लबाच्या ओळखीने का?

नाही. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या मुदतीवर, महाराष्ट्र सरकारशी झालेल्या कराराने आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात लोकांसमोर ठेवली गेली. ती तिकडे पोचली होती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून. महाराजांनी अफझलखानावर चालवलेली तीच का, याची खात्री देता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. हा वाद मला फोनवर घालायला लावू नका.

२१. भारतात राहून सभासद होता येतं का? आणि ‘सभासद करून देतो’ असा फोन आला तर?

होता येतं. वर्गणी वयावर आणि तुम्ही कुठे राहता त्यावर ठरते, दर बदलत राहतात, म्हणून आकडा सांगत नाही. वर्षातून दोन-तीनदा लंडनला जाणाऱ्याला परवडेल. मुलाकडे पाच वर्षांतून एकदा जाणाऱ्याने तेवढ्यासाठी पैसे अडकवू नयेत, मुलाकडेच राहावं.

दुसऱ्या भागाचं उत्तर: फोन ठेवून द्या. कऱ्हाडच्या एका गृहस्थांना ‘लंडनच्या रॉयल क्लबाचं सभासदत्व आणि त्यासोबत व्हिसा’ असं सांगून कोणीतरी आगाऊ पैसे मागितले होते. सभासदत्वाचा व्हिसाशी काडीचा संबंध नाही. त्यांनी मला विचारलं म्हणून वाचले.

२२. तुमच्या त्या पोस्टकार्डावर काय लिहिलंय?

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो, म्हणून कार्ड आता प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बरोबरच नेते. शाई फिकी झाली आहे. वाचता येतं ते एवढं: पोचलो, दोन दिवस पाऊस आहे, मावशीला सांग, आणि मग ओळ चित्रातल्या छपरावर चढते तिथे डाग पडला आहे. मावशीला काय सांगायचं होतं ते डागाखाली गेलं. वाईच्या व्याख्यानाला एक आजोबा भिंग घेऊन आले होते. त्यांनी पंधरा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, चहाचा डाग आहे.